रात्री शेतावर बघायला आणि शूट करायला नाइट व्हिजन घ्यायचंय, डिजिटल घेऊ की थर्मल? (बजेट ६० हजार)

खोडवा_३२

नमस्कार मंडळी. मी चाकणला नोकरीला आहे, राहतो मोशीला, आणि दर शनिवारी गावाला जातो, ओतूरच्या बाजूला. घरची तीन एकर आहे, दीड एकर ऊस आणि बाकी भुईमूग-मका. गेल्या दोन सीझनला रानडुकरांनी भुईमुगाची पार वाट लावलीये, एका रात्रीत अख्ख्या सऱ्या उकरून टाकतात आणि सकाळी बघावं तर नुसती टरफलं पडलेली. थ्री फेज लाइट रात्रीची असली की वडील एकटेच मोटर चालू करायला जातात, वय ६६, हातात काठी आणि एक टॉर्च, आणि उसात बिबट्या आहे हे अख्ख्या जुन्नर तालुक्याला माहितीये. मला इथे मोशीत झोप लागत नाही त्या आठवड्यात.

तर असं काहीतरी घ्यायचंय की ज्याने रात्री बांधावरून किंवा माळ्यावरून पिकात काय आहे ते दिसेल आणि त्याचं व्हिडिओ शूटिंगपण होईल, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी दाखवता येईल. ऑनलाइन बघायला गेलो तर डोकं गरगरलं, कुणी ८५० म्हणतंय, कुणी ९४०, कुणी २५६, कुणी जेन टू. चुलते म्हणतात एअरगनवर नाइट स्कोप बसवून घे आणि काम संपव. मला तसं काही करायचं नाहीये पण तरी विचारून ठेवतो, ते कितपत बरोबर आहे? बजेट ६० हजारापर्यंत, अगदीच ताणलं तर थोडं वर.

---

माळरान_पुणे

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो कारण मी गेली बरीच वर्षं सासवड, सुपे, इंदापूरच्या माळांवर गावकऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या बांधावर बसून रात्रीचं शूटिंग करतोय (कॅमेऱ्याचं).

आधी एअरगनचं संपवतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, मारायचा प्रयत्नसुद्धा शिकारीतच धरलाय, आणि हत्यार परवान्याचं आहे की बिनपरवान्याचं याचा तिथे काही संबंध नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती तो देणार, आपण आपली घ्यायची नाही. शिवाय एअरगनच्या छर्‍याने मोठं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी तोडीला आलेल्या बायामाणसांच्या अंगावर येतं. चुलत्यांना एवढंच सांगा.

आता मशीनचं. तीन जाती आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं.

एक म्हणजे ट्यूबवाली, जी खरी जुनी नाइट व्हिजन. चांदण्यांचा, दूरच्या गावातल्या दिव्यांचा जो काही थोडा उजेड असतो तो वाढवून दाखवते. चांगली ट्यूब तुमच्या बजेटच्या फार फार वर आहे आणि स्वस्तातली जेन वन (म्हणजे पहिल्या पिढीची ट्यूब, जेन टू म्हणजे दुसऱ्या) मी वापरलीये, मधोमध बरं दिसतं, कडेला सगळं ताणल्यासारखं. ती सोडून द्या.

दुसरी डिजिटल. हा खरं तर एक कॅमेराच असतो, फक्त त्याच्या सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली असते आणि सोबत इन्फ्रारेड टॉर्च असतो. आपल्याला अंधार, सेन्सरला लख्ख उजेड. चित्र काळं-पांढरं पण तपशील छान येतो, कान, शेपूट, अंगावरचे ठिपके सगळं कळतं, रेकॉर्डिंगही होतं, आणि खिशाला परवडतं. ८५० आणि ९४० हे त्या टॉर्चच्या प्रकाशाचे नॅनोमीटर. ८५० लांब पोचतो पण टॉर्चकडे थेट बघितलं तर मंद लाल ठिपका दिसतो, ९४० जवळजवळ काहीच दिसत नाही पण सेन्सर त्याला कमी दाद देतो म्हणून पल्ला बराच कमी होतो. बांधावरून बघायला ८५०, झाडाला बांधून ठेवायच्या कॅमेरा ट्रॅपला ९४०.

तिसरं थर्मल. याला उजेड लागतच नाही, वस्तूची उष्णता बघतं. काळ्याकुट्ट अमावस्येला ८० मीटरवरचा ससा पांढऱ्या ठिणगीसारखा उठून दिसतो. पण तो ससाच आहे का मुंगूस, हे स्वस्त थर्मलमध्ये कळत नाही. शोधायला थर्मल, ओळखायला डिजिटल, माझ्या गळ्यात दोन्ही असतात.

पहिल्यांदा घेताना मी फसलोय म्हणून सांगतो. एका ऑनलाइन दुकानातून "थर्मल नाइट व्हिजन" नावाने दुर्बीण मागवली, आली ती साधी डिजिटल, फक्त चित्राला लाल-पिवळे रंग दिलेले. परत घेतली नाही, पैसे गेले. ओळखायची युक्ती सोपी आहे, लेन्सपुढे साधी खिडकीची काच धरा. खऱ्या थर्मलला काचेपलीकडचं काहीही दिसत नाही, उलट आपल्याच तोंडाची धुरकट सावली दिसते, कारण ती उष्णता काचेतून जातच नाही. म्हणून तर थर्मलच्या लेन्स जर्मेनियमच्या असतात. आणि याच कारणाने गाडीत बसून काच वर करून बघायचं म्हटलं तर जमत नाही, काच खाली घ्यावीच लागते.

---

जुना_जवान

माळरान साहेबांनी बरोबर सांगितलंय. मी फौजेत १७ वर्षं काढली, रात्रीची ड्यूटी भरपूर केली, ट्यूबवाली दुर्बीण डोळ्याला लावून पहाट व्हायची. आता खडकीला असतो.

स्कोपबद्दल एकच गोष्ट, ती नीट ऐक. स्कोप हत्यारावर बसवला की समोर काय आहे ते बघायला हत्यारच तिकडे रोखावं लागतं. म्हणजे जनावर आहे का माणूस हे ठरायच्या आधीच नळी त्याच्याकडे झालेली असते. रात्री शेतात कोण कुठे असेल सांगता येत नाही, कुणी मोटरीवर, कुणी दारं धरायला, कुणी तांब्या घेऊन. ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याला वनखात्याने लेखी काम दिलंय, त्यानेसुद्धा बघायचं यंत्र वेगळं हातात ठेवलं पाहिजे. तुला तर फक्त बघायचंय, मग मोनोक्युलर (एका डोळ्याची दुर्बीण) घे, गळ्यात अडकवायचं, संपला विषय.

वापरायचं कसं ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. अंधारात डोळा तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलची स्क्रीन एकदा बघितली की पुन्हा शून्यापासून. मशीनचा ब्राइटनेस सगळ्यात खाली आण, आणि एकाच डोळ्याने बघ, दुसरा डोळा अंधारासाठी राखून ठेव, नाहीतर मशीन खाली घेतलं की पायाखालचा दगड दिसणार नाही आणि तिथेच पडशील. चालताना मशीन डोळ्याला लावायचं नाही. थांब, बघ, मशीन खाली घे, मग चाल. मशीनमधून खोलीचा अंदाज येत नाही, चारी दोन फूट वाटते आणि असते सहा फूट.

आणि बघताना एकाच जागी टक लावू नको. शेताच्या कडेकडेने, जवळून सुरू करून लांब जा, पट्टे पट्टे पाडून. जनावर मधे उभं राहत नाही, ते कडेला असतं.

---

मंचरची_शेतकरीण

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून माझ्या सासऱ्यांचीच आठवण झाली.

आमच्याकडे थर्मल आहे, दोन वर्षं झाली, २५६ वालं (म्हणजे सेन्सरवर आडवे २५६ पिक्सेल). फायदा खूप झालाय पण एक प्रसंग सांगते कारण त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही की हे यंत्र काय दाखवतं आणि काय नाही. कार्तिकातली रात्र, साडेबारा-एक वाजलेला, मी आणि दीर माळ्यावर. दीराने थर्मल लावलं आणि म्हणाला वहिनी डुक्कर, भुईमुगात, एकच आहे पण मोठं आहे. मी बघितलं. खरंच एक पांढरा गोळा, जमिनीला लागून, अधूनमधून पुढचा भाग खालीवर होतोय, उकरतंय असंच वाटत होतं. साठ-सत्तर मीटर असेल. दीराने सुतळी बॉम्ब काढला, त्या बाजूला फेकायला. मी म्हटलं थांब, आधी हाक मार. त्याने हाक मारली आणि तो गोळा उभा राहिला, एकदम लांबडा झाला. आमचे शेजारचे आबा होते. ठिबकची नळी फुटली होती म्हणून घोंगडी घेऊन उकिडवे बसून अंधारात जोड घालत होते, टॉर्चची बॅटरी संपलेली. घोंगडीमुळे हातपाय वेगळे दिसतच नव्हते, नुसता गोळा. माझे पाय अजून थरथरतात आठवलं की. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, गोळा दिसला की आधी हाक, मग दुसरं काही. आणि शेजारच्या चारही घरांचा मोबाइलवर ग्रुप केलाय, कुणी रात्री रानात उतरलं की "मी खालच्या रानात आहे" एवढं टाकायचं.

दुसरं एक लक्षात ठेवा. टॉर्च मारला की बिबट्याचे, कोल्ह्याचे, कुत्र्याचे, गाईचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या आत मागे आरशासारखा थर असतो. डुकराच्या डोळ्यात तो थर नाही. माणसाच्याही नाही. त्यामुळे वडील टॉर्च फिरवून "डोळे दिसले नाहीत म्हणजे कुणी नाही" असं म्हणत असतील तर डुकराच्या बाबतीत ते चालत नाही. इथे थर्मलच कामाला येतं.

उसाचं मात्र आधीच सांगून ठेवते. वाढलेल्या उसाच्या आत थर्मलला काही दिसत नाही, पाचट आणि पानं आडवी येतात. बिबट्या दोन हात आत बसला असेल तरी दिसेलच असं नाही. म्हणून "थर्मलने बघितलं, उसात काही नाही" असं समजून वडिलांना कडेने पाठवू नका. ते यंत्र मोकळ्या रानासाठी, बांधासाठी, वाटेसाठी. मोटरीला जायचं असेल तर दोघांनी जायचं, बोलत जायचं, मोबाइलवर गाणी लावायची, आणि खाली वाकून काम करताना दुसऱ्याने उभं राहून बघायचं. आम्ही पेटीपाशी ऑटो स्टार्टरपण बसवलाय, लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, अर्ध्या फेऱ्या त्यानेच वाचल्या. खरं सांगू का, मशीनच्या आधी ते करा.

---

तापकीर_गल्ली_वाला

माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं काम आहे, थर्मल कॅमेरे येतात हातात (कंपन्यांमधले पॅनल तपासायचे, तंत्र तेच). आकड्यांचं मी सांगतो कारण गिऱ्हाईक तिथेच फसतं.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ९०० मीटर. ते डिटेक्शनचं अंतर असतं, म्हणजे तिथे काहीतरी गरम आहे एवढंच. घरी गणित करून बघा, अवघड नाही. सेन्सरचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि लेन्स १९ मिमीची धरा, तर १०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे साधारण ६.३ सेंटीमीटर जागा. डुकराची उंची ६० सेंमी धरली तर ते उंचीला नऊ-दहा पिक्सेल भरतं. ३०० मीटरवर तेच डुक्कर तीन पिक्सेल. आणि ९०० मीटरवर उभा माणूस उंचीला तीन ठिपके, बस्स. जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन लष्करी शास्त्रज्ञाने १९५८ साली याचे निकष मांडले, अजून सगळे तेच वापरतात. ढोबळमानाने वस्तूच्या लहान बाजूवर २ पिक्सेल पडले तर काहीतरी आहे हे कळतं, ८ पडले तर माणूस की जनावर हे कळतं, १३ च्या आसपास पडले तर कुठलं जनावर ते कळतं. म्हणजे या मशीनवर डुक्कर खात्रीने डुक्कर म्हणून ओळखायची हद्द ७०-७५ मीटरच. ताईंच्या आबांचं जे झालं ते साठ-सत्तर मीटरवर झालं, वर घोंगडी आणि उकिडवं बसणं, म्हणजे आकार झाकला गेला की हेही गणित कोसळतं.

पण तुमची गरज बघा ना. तीन एकर चौकोनी धरलं तर एक बाजू ११० मीटर. मधल्या माळ्यावर बसलात तर कुठलाही कोपरा ८० मीटरच्या आत. मग ९०० मीटरचे पैसे कशाला द्यायचे? उलट लेन्स जितकी मोठी तितकं चित्र अरुंद. २५६ x १९२ चा सेन्सर आणि १९ मिमीची लेन्स असेल तर १०० मीटरवर जेमतेम १६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, नळीतून बघितल्यासारखं. १० मिमी घेतली तर ३० मीटर दिसतो, पण जनावर निम्मं लहान. तुमच्यासाठी मी १३ ते १५ मिमीच्या आसपास सुचवेन.

बाकी बघायचं ते असं. रिफ्रेश रेट २५ हर्ट्झ किंवा वर, ९ हर्ट्झवालं घेऊ नका, पळणारं जनावर उड्या मारत गेल्यासारखं दिसतं. एनइटीडी नावाचा आकडा जितका कमी तितकं चांगलं, २५ म्हणजे एका अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढा फरकही पकडतं, पावसाळी दमट रात्री तो आकडा खरा कळतो. मधेमधे टक्क असा आवाज येऊन चित्र क्षणभर थांबेल, तो बिघाड नाही, आतला पडदा सेन्सर सारखा करून घेतो. बॅटरी बदलता येणारी असावी, १८६५० नंबरचा सेल असेल तर उत्तम, आपल्या गल्लीत कुठेही मिळतो. आणि लेन्स कधीही सूर्याकडे धरू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडतो.

वेळेचंही आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर दगड, विहिरीचा कठडा, पत्रे सगळे तापलेले असतात, एक वेळ अशी येते की जनावर आणि मागचं रान एकाच तापमानाला, तेव्हा चित्र मळकट दिसतं. मशीन खराब आलं म्हणून लोक परत घेऊन येतात. रात्री अकरानंतर बघा, पहाटे तीन-चारला तर काचेसारखं दिसतं. मे महिन्यात बांधावरचे काळे दगड मध्यरात्रीपर्यंत गरम राहतात, ते बसलेल्या जनावरासारखेच दिसतात, दिवसा एकदा फिरून कुठे कुठे दगड आहेत ते ध्यानात ठेवा.

---

माळरान_पुणे

वरच्या भावांनी फार मोलाचं लिहिलंय. व्हिडिओबद्दल राहिलं होतं. डिजिटलने शूट करताना इन्फ्रारेड टॉर्चपुढे एखादं पान, गवताची काडी जरी आली तरी तीच पांढरीफटक होते आणि मागचं सगळं काळं पडतं, धुक्यात तर पांढरी भिंतच उभी राहते. माळ्यावरून, उंचावरून घ्या, समोर काही नको, आणि हाताने धरू नका, माळ्याच्या बल्लीला क्लॅम्प लावा. पंचनाम्यासाठी नुसता रात्रीचा व्हिडिओ पुरत नाही, सकाळी उकरलेल्या सरीचे आणि खुरांचे फोटो काढा, खुराशेजारी एक नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि लगेच वनरक्षकाला कळवून अर्ज द्या, उशीर करू नका. बिबट्या घराजवळ दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

---

खोडवा_३२

सगळ्यांचे मनापासून आभार. मंचरच्या ताईंचा प्रसंग मी घरी मोठ्याने वाचून दाखवला, चुलतेपण बसले होते, ते काही बोलले नाहीत, पण एअरगनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आधी ऑटो स्टार्टर बसवला. मग एका ओळखीच्याकडून २५६ चं १५ मिमीवालं थर्मल दोन रात्रींसाठी मागून आणलं, विकत घ्यायच्या आधी. काचेची परीक्षा केली, पास झालं. पहिल्या रात्री साडेनऊलाच लावलं तर सगळं मळकट, अगदी तापकीर गल्लीवाल्या दादांनी सांगितलं तसंच, म्हणून ठेवून दिलं. पहाटे साडेतीनला वडिलांनीच उठवलं. माळ्यावर गेलो, कडेकडेने बघत आलो आणि मक्याच्या बांधावर पाच ठिपके, एक मोठा आणि मागे चार बारके, ओळीने. वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ डोळ्याला लावून ठेवलं आणि म्हणाले, "अरे, ही तर ओढ्याकडनं येतात, मी इतकी वर्षं डोंगराकडनं येतात समजून तिकडं काट्या लावतोय." आता झटका मशीनची (कुंपणाला हलका करंट देणारं यंत्र) तार ओढ्याच्या बाजूला घेतोय.

एकच अडचण, वडिलांना चष्मा आहे, त्यांना चित्र पुसट दिसत होतं आणि मला स्वच्छ. फोकस फिरवून फिरवून दमलो.

---

जुना_जवान

फोकस नाही, डोळ्याजवळची बारकी रिंग असते ती फिरव. आधी लेन्सवर झाकण ठेवून स्क्रीनवरची अक्षरं वडिलांना स्वच्छ दिसेपर्यंत ती रिंग फिरवायची, चष्मा काढून. मग झाकण काढून पुढचा फोकस. ती जागा सापडली की रिंगवर नेलपॉलिशचा ठिपका दे, तुझा वेगळा आणि त्यांचा वेगळा, अंधारात नखाने चाचपून लागतो.

---

खोडवा_३२

जमलं. वडिलांचा ठिपका लाल, माझा पांढरा. या शनिवारी मशीन विकत घ्यायला जातोय, वडील म्हणाले मीपण येतो.